दुसऱ्या भागातले गुंडेराव

आमच्या शाळेत नवा माणूस रुजू झाला की बाकीचे लोक त्याचं गाव विचारतात, सासर विचारतात, पगार किती पडला तेही आडून आडून विचारतात. गुंडेराव काहीच विचारत नाहीत. चष्म्यावरून त्याच्याकडं एकदा निरखून बघतात आणि माझ्याकडं झुकून हळूच म्हणतात, "अग्नीचं वाण हाय, सर. जपून."

गुंडेराव आमच्या शाळेचे क्लार्क. शाळा रेणापूरला, मी रोज लातूरहून एसटीनं येतो आणि इतिहास-भूगोल शिकवतो. आमच्या दोघांच्या खुर्च्या शेजारी असल्यामुळं अख्ख्या स्टाफचं वाण मला पाठ झालेलं आहे. हेडमास्तर पाषाणाचे. "त्यांच्यावर आवाज करून उपेग न्हाई. पाणी सोडत राहायचं, आपोआप झिजतेत." गणिताच्या बाई विजेच्या. शिपाई सावलीचा, म्हणजे दिसतो पण हाती लागत नाही. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात वाऱ्याचं ठरवून टाकलं. "सगळीकडं लागता तुमी, पण टिकत कुठंच न्हाई." मला याचा राग आला होता. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर ती इतकी हसली की राग धरून ठेवण्यात काही अर्थ उरला नाही.

हे सगळं ज्ञान त्यांच्या मोबाईलमधून येतं. मोबाईलवर एक खेळ आहे. एक डोंगराळ मुलूख, त्यात तऱ्हेतऱ्हेचे अचाट प्राणी हिंडत असतात. कुणाच्या शेपटीला जाळ, कुणाच्या पाठीवर झाड. ते पकडायचे, पाळायचे, वाढवायचे, दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचे आणि सगळ्या जाती गोळा करायच्या. जगभरातली पोरं खेळतात म्हणे. गुंडेरावांची पन्नाशी उलटलेली आहे, कपाळाला अष्टगंध असतो, खिशात अडकित्ता असतो, आणि ते हा खेळ खेळतात. खेळाचं खरं नाव परदेशी आहे, ते त्यांना उच्चारता येत नाही आणि त्याची त्यांना फिकीरही नाही. ते म्हणतात, 'जित्राबं'.

"काय करायलात, गुंडेराव?"

"जित्राबं सोडलीत चरायला. बघायलो."

झुंजीची त्यांना फार हौस नाही. झुंज लावली की दुसऱ्या दिवशी त्या प्राण्याला इसावा देतात, कितीही महत्त्वाचा सामना समोर असो. खेळाच्या पहिल्या भागातला शेवटचा सामना ते कितीतरी दिवस हरत होते. समोर जाळ ओकणारा राक्षस होता, त्याच्यावर पाण्याचा लोट सोडला की खलास. गुंडेरावांकडं पाणी सोडणारं जित्राब होतं, पण ते पाणी सोडू देत नव्हते.

"एवढं पाणी एका झुंजीत सांडायचं? काय बोलायलात, सर! आपल्याकडं नळ कवा येतो ते ठावं हाय ना?"

शेवटी मातीच्या जित्राबाकडून धूळ उडवून उडवून त्यांनी तो राक्षस विझवला. आमच्या भागात टँकर बघितलेल्या माणसालाच हा डाव सुचू शकतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तर कमालच झाली. आमच्याकडं त्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात आणि त्यांना आमंत्रण देतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' गुंडेरावांच्या दावणीला आता बैल नाही. त्यांनी मोबाईलच्या पाठीला हळद-तूप चोळलं आणि आवतण दिलं. दुसऱ्या दिवशी मोबाईलपुढं पुरणपोळी ठेवली. त्यानंतर आठवडाभर तो मोबाईल त्यांच्या हातातून सटकत होता आणि टेबलावर जिथं ठेवतील तिथं पिवळा डाग पडत होता. हेडमास्तरांनी डागाबद्दल विचारलं तेव्हा गुंडेराव म्हणाले, "सण होता, सर." पाषाण त्यावर काय बोलणार?

त्यांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे 'आपलं आपण'. हे त्यांचं पालुपद. पाण्याचा पेला घरून आणतात. पेन कुणाचा मागत नाहीत, कुणाला देतात मात्र. पाऊस लागला आणि मी छत्री पुढं केली तर म्हणतात, "तुमी व्हा फुडं, आपलं आपण," आणि भिजत जातात. एकदा त्यांचा पाय मुरगळला होता. मी खांदा दिला, तर भिंत धरून चालले. कुणाचं घेतलं की त्याचं ओझं होतं, आणि ओझं झालं की एक दिवस भांडण होतं, असं त्यांचं गणित. या गणितापायी माणूस एकटा पडतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगून उपयोग नव्हता.

म्हणूनच पहिला भाग त्यांना मानवला. तो एकट्यानं खेळायचा होता. एकूण एक जात त्यांनी एकट्यानं जमवली आणि शाळेत पेढे वाटले. कशाचे पेढे म्हणून सगळ्यांनी विचारलं. खरं कारण फक्त मला माहीत होतं. बाकीच्यांना त्यांनी "खुशीचे" म्हणून सांगितलं.

मग दुसरा भाग आला.

तो यायच्या आधी गुंडेराव दहावीच्या निकालाची वाट बघत असल्यासारखे बसले होते. आला त्या दिवशी त्यांनी हाफ डे टाकला. आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून माझ्या शेजारी बसले.

"दोन वाणं काढलीत त्यानं. एक डोंगराचा खेळ, एक नदीचा. काही जित्राबं याच्यात, काही त्याच्यात."

"मग तुम्ही कोणता घेतला?"

"डोंगराचा. नदीचा काय भरवसा, सर, आपल्या जिल्ह्यात?"

अडचण पुढंच होती. डोंगरातली काही जित्राबं नदीवाल्याशी अदलाबदल केल्याशिवाय मिळतच नव्हती. आणि एक जित्राब तर असं होतं की ते दुसऱ्या माणसाच्या हाताला लागल्याशिवाय वाढत नव्हतं. वासराएवढं, अंगावर शेवाळ, डोळे पाणीदार, डोक्यावर शिंगांच्या जागी नुसते दोन गोल फुगवटे. गुंडेरावांनी त्याचं नाव ठेवलं भुंड्या. त्याला त्यांनी पोटच्या पोरासारखं वाढवलं. खाऊ घातलं, डोंगरभर फिरवलं, झुंजीला एकदाही काढलं नाही. पण भुंड्या भुंडाच. शिंगं फुटायची तर त्याला नदीवाल्याकडं द्यावं लागणार आणि त्याचा भुंड्या आपण घ्यावा लागणार. दोघांचेही हात बदलले की दोघांनाही शिंगं. तेही दोन फोन जवळजवळ असतील तरच, फार तर मध्ये एखादी भिंत चालते.

सगळा दुसरा भाग त्या शिंगांवर अडला. शिंगं फुटल्याशिवाय वरच्या डोंगराची वाट उघडत नव्हती. आणि ज्या माणसानं आयुष्यात पेन मागितला नाही त्याला आता कुणाकडं तरी जाऊन म्हणायचं होतं, बाबा रे, माझं घे आणि तुझं दे.

मी मदतीला धावलो. रात्रीतून खेळ उतरवून घेतला आणि सकाळी ऐटीत मोबाईल पुढं केला. गुंडेरावांनी बघितलं आणि डोळे मिटले. मी घाईत डोंगराचाच घेतला होता.

"सर, दोन्ही उजवे बैल झाले की हे. जोडी कशी लागंल?"

एवढं बोलून त्यांनी रजिस्टर उघडलं. शाळा सुटेपर्यंत त्यातून डोकं वर काढलं नाही. मला वाटलं माझ्या वेंधळेपणाचा राग आला. वाऱ्याच्या वाणाकडून आणखी काय अपेक्षा करायची?

त्या रविवारी मी त्यांना लातूरला बोलावलं. आमच्या लातुरात ट्यूशनच्या भागात संध्याकाळी एवढी पोरं रस्त्यावर उतरतात की गाडी ढकलत न्यावी लागते. त्यात एखादा नदीवाला सापडणारच. आम्ही चहाच्या टपरीवर बसलो, गुंडेरावांनी खेळातलं 'शोधा' दाबलं, आणि खरंच, टपरीच्या पलीकडच्या बाकावर एक मुलगी सापडली. नदीवाली. पुढ्यात जीवशास्त्राचं जाडजूड पुस्तक, मांडीवर मोबाईल.

"जा की," मी म्हणालो.

गुंडेराव उठले. शर्ट नीट केला. दोन पावलं गेले आणि टपरीवाल्याकडून आणखी एक चहा घेऊन परत आले.

"अभ्यासाचं लेकरू हाय. उगं कशाला मधी मधी करावं?"

"मोबाईलच खेळायली आहे ती, गुंडेराव!"

"तेवढाच इसावा तिला." मुलगी पुस्तक घेऊन उठून गेली तेव्हा त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. सुटल्याचा होता की हुकल्याचा, ते माझ्या लक्षात आलं नाही.

नंतर कितीतरी दिवस त्यांनी विषय काढला नाही. मीही काढला नाही. मग एका दुपारी स्टाफरूममध्ये कुणी नाही असं बघून त्यांनी मोबाईल माझ्यापुढं सरकवला. पडद्याचा फोटो काढून ठेवला होता. 'जवळ एक खेळाडू', नदीची निळी खूण, आणि नाव: किसन.

"माझ्या घरात बसून दिसायलाय. रोज सांजच्याला."

"अरे वा! मग काय? शेजारीच आहे म्हणजे."

"शेजारीच हाय," गुंडेराव म्हणाले. "भाऊ हाय माझा."

त्यांना धाकटा भाऊ आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. शेजारी बसून मला हेडमास्तरांचं वाण माहीत होतं, पण यांचा भाऊ माहीत नव्हता. त्या दुपारी त्यांनी जे सांगितलं ते तुकड्या-तुकड्यानं सांगितलं, आणि मध्येच सुपारी कातरत राहिले.

वडील गेल्यावर वाटणी झाली. वाटणीत भांडण झालं नाही. रान निम्मं निम्मं, घराच्या मध्ये भिंत, भांडी मोजून. सगळं शहाण्यासारखं चाललं होतं, आणि मग पंच बैलांपाशी आले. देवणी बैलांची जोडी होती, दोघा भावांनी वासरापासून वाढवलेली. पंच म्हणाले, एकानं जोडी घ्या, दुसऱ्यानं गाय-म्हैस घ्या. जोडी सोडायला कुणी तयार होईना. शेवटी पंच कंटाळले आणि त्यांनी एकेक बैल एकेकाच्या दावणीला बांधला. न्याय झाला. एका बैलानं काय होतं? नांगर चालत नाही, गाडी चालत नाही.

"मग सावड करायची," मी म्हणालो. आमच्याकडं एक-एक बैल असलेले दोघं शेतकरी बैल जोडून आळीपाळीनं एकमेकांचं रान करतात, त्याला सावड म्हणतात. जी माणसं एकमेकांच्या लग्नालाही जात नाहीत तीसुद्धा सावड करतात.

"करायचीच होती. मी वाट बघलो, तो इचारंल म्हणून. धाकटा हाय, त्यानं इचारावं. तो वाट बघला, मी थोरला हाय, मी हाक मारावी." सुपारीचं खांड त्यांनी तोंडात टाकलं नाही, हातातच ठेवलं. "दोघांनी बी ट्रॅक्टर लावला. बैल आपले उभे. भिंतीच्या अल्याड एक, पल्याड एक. ह्यानं हंबरलं की त्यो हंबरायचा. म्हातारे होऊन गेले, सर. एक दिवस बी जू न्हाई चढलं त्यांच्या मानंवर."

तेव्हापासून भाऊ बोलत नाहीत. भांडलेही नाहीत. नुसतं कुणी आधी बोललं नाही, आणि वर्षं गेली. मला वाटतं तिथूनच ते 'आपलं आपण' सुरू झालं असणार.

"दाबा की मग," मी म्हणालो. "विनंती पाठवा."

"त्यानं पाठवावी."

"तो म्हणत असेल तुम्ही पाठवावी."

"म्हणू द्या." आणि जरा वेळानं म्हणाले, "सर, उद्या सांजच्याला घराकडं या. काही काम न्हाई."

काही काम नसताना घरी बोलावणं हे गुंडेरावांच्या बाबतीत केवढं मोठं पाऊल होतं ते मला कळलं. मी शेवटच्या एसटीची वेळ बघून ठेवली आणि गेलो.

अंगणात बाज टाकलेली होती, मधल्या भिंतीला अगदी खेटून. गुंडेराव पाठ भिंतीला लावून बसले होते, मोबाईल दोन्ही हातांत. मला बसायला खुर्ची दिली. त्यांच्या पत्नी, शेवंतावहिनी, ओसरीवर शेंगा निवडत होत्या. पलीकडून कुणीतरी खाकरल्याचा आवाज आला, आणि गुंडेरावांनी पाठ आणखी ताठ केली.

पडद्यावर नाव आलं. किसन. नावाभोवती गोल चक्र फिरत राहिलं. गुंडेरावांचा अंगठा पडद्याच्या वर, पण खाली येईना. पलीकडंही तेच चाललं असणार, कारण इकडं काही येत नव्हतं. थोड्या वेळानं चक्र थांबलं आणि नाव गेलं. गुंडेरावांनी परत 'शोधा' दाबलं. परत नाव आलं. परत तसंच. दोन पन्नाशीतले गडी एका भिंतीला दोन बाजूंनी पाठ लावून बसलेले, आणि मध्ये फक्त एक बटण.

शेवंतावहिनींनी सूप खाली ठेवलं.

"अहो, काय करायलात ते करा की एकदाचं! शिंगं त्या जित्राबाला फुटायचीत, तुमच्या डोस्क्याला न्हाईत."

गुंडेरावांनी डोळे मिटले आणि दाबलं.

लगेच उत्तर आलं. इतकं लगेच, की पलीकडचा अंगठाही तिथंच थांबलेला असणार. पडद्याच्या एका बाजूला यांचा भुंड्या, दुसऱ्या बाजूला त्याचा. तसाच शेवाळलेला, तसेच पाणीदार डोळे. मंजूर. मंजूर. दोघंही पडद्यावरून निघाले, एकमेकांना ओलांडून गेले. इकडं आलेला तो नवा भुंड्या जरा बिचकून उभा राहिला, मग त्याच्या डोक्यावरचे फुगवटे थरथरले.

"शिंगं फुटली!"

हे गुंडेराव बोलले नाहीत. भिंतीपलीकडून आलं. मोठ्यानं, आनंदानं, अगदी पोरासारखं. आणि मग एकदम शांतता झाली, जणू बोलणाऱ्यानं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

गुंडेराव भिंतीकडं तोंड न करताच म्हणाले, "आमच्याकडं बी फुटलीत."

शेवंतावहिनी शेंगा निवडायच्या थांबल्या होत्या.

"दादा," भिंत म्हणाली. "तुझं हे लई माजलेलं हाय. माझं ऐकंना. काय चारायचं ह्याला?"

गुंडेरावांनी मोबाईल बाजेवर ठेवला आणि खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. तोंड पुसून झालं तरी पंचा काढला नाही. तसाच बराच वेळ डोळ्यांवर धरून बसले. मला त्या माणसाच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, आणि त्याला ते आवडलं नसतं हेही माहीत होतं. शेवटी पंच्याआडून बारीक आवाज आला, "इकडं ये. दावतो."

मधल्या भिंतीला दार नाही. वाटणीत ठेवलंच नव्हतं. किसनला आपल्या दारातून बाहेर पडून, गल्लीला वळसा घालून यावं लागणार होतं. तेवढ्या वेळात गुंडेरावांनी बाजेवरची चादर ओढून सारखी केली, चष्मा पुसला, अंगणातली केरसुणी उचलून कोपऱ्यात उभी केली, आणि "चहा टाक" म्हणायला वळले तर वहिनी आधीच आत गेल्या होत्या. आतून आल्याचा वास यायला लागला.

किसन दारात आला. गुंडेरावांपेक्षा काळा, रापलेला, केस पांढरे, पण तेच नाक, तेच कपाळ. मोबाईल छातीशी धरलेला. आत यावं की नाही अशा विचारात उंबऱ्यावर थांबला. गुंडेराव त्याच्याकडं बघत राहिले. त्यांना काय बोलायचं होतं ते मी अंदाजानंही सांगू शकत नाही. त्यांनी हात पुढं केला, मोबाईल घेतला, पडदा बघितला आणि खेकसले,

"चार्जिंग एवढी कमी ठेवत असतेत व्हय रे?"

"इसरलो, दादा."

"इसरलो म्हणं! जित्राब हाय त्याच्यात. मधीच बंद पडलं असतं म्हणजे?" मोबाईल उलटासुलटा करत त्यांनी विचारलं, "कवापासून खेळायलास?"

"दुसरा भाग आल्यापासून."

"पैला खेळला न्हाईस? पैल्याबिगर दुसऱ्यातलं काय कळणार हाय तुला? अन् नदीचा कशाला घेतलास? कुणी सांगितलं तुला? जित्राबं डोंगराच्यात चांगली हायत."

किसन खाली बघत होता. पायाच्या अंगठ्यानं उंबरा घासत होता.

"आमच्या हिला वैनीनं सांगितलं, तू डोंगराचा घेतलास म्हणून," तो म्हणाला. "मग मी बी डोंगराचाच घेऊन काय करू?"

गुंडेराव बाजेवर जाऊन बसले आणि जरा सरकून त्यांनी भिंतीकडची जागा मोकळी केली.